पन्नासची वीज

कंट्री-सोल वाजवतो, म्हणाली पोरं.
मला कंट्री एकच ठाऊक,
आचऱ्याच्या बंदराकडे बाटलीत मिळायची ती,
आणि सोलं म्हणजे आमसुलं.
मी हसलो. तीही हसली,
कशाला ते न कळता.

गुदैबियात, कोल्ड स्टोअरच्या वरच्या मजल्यावर
एसी बघायला गेलो होतो मी.
ऑगस्ट. शिडीला हात लावावा तर फोड.
आत चौघं, आणि मधोमध लाकडाचं एक धूड:
दोन मजली पेटी, पायांखाली पट्ट्या,
अंगावर सिगारेटचे जुने डाग.
अवालीतल्या कुणा तेलवाल्या साहेबानं टेक्सासहून आणलेली,
जाताना क्लबात सोडलेली,
क्लबातून भंगारात, भंगारातून चाळीस दिनारला इथं.
जिन्यात तिच्याखाली यूसुफ मरहूनची करंगळी चेंगरली.
ड्रम वाजवताना ती अजून
काठीपासून लांबच राहते, रुसलेली.

"खराब आहे, अंकल," वल्लरी म्हणाली.
तांडेलांची ही. आई सलमानियात नर्स.
मराठी बोलते परीक्षेला बसल्यासारखी.
"आम्ही वर, ही खाली. किती गाणी सोडली हिच्यामुळे."

मी काळी दोन दाबली.
पांढरी एक बोलली.
पुन्हा दाबली, पुन्हा तीच.
दशावतारात सहा हंगाम पायपेटीवर बसलोय,
बोटं गेली, कान तेवढा राहिला.

मागची फळी काढली.
धूळ, वाळलेली पाल, कुणाचा तरी बिल्ला,
आणि मोटारीवर पितळी पट्टीत आकडा: साठ.

अरे, खराब कुठली!
ही साठच्या विजेची.
अवालीत तेव्हा साठच होती,
साहेबांनी वीजसुद्धा घरून आणलेली.
इथं मनामात पन्नास.
सेकंदाला दहा धक्के कमी बसतात हिला,
चाक सावकाश फिरतं, सूर खाली बसतो.
पूल ओलांडून सौदीत न्या, आपोआप ताठ होईल.
आमच्या गावचीही पन्नासच.
म्हणून इथल्या डीपीची गुणगुण
मला कधी परकी वाटली नाही.
बाकी सगळं वाटलं.
हे शेवटचं मी बोललो नाही,
फळीचे स्क्रू आवळत राहिलो.

कन्व्हर्टर बसवून देतो म्हटलं, शुक्रवारी.

शुक्रवारी खोकं घेऊन गेलो
तर ह्यांनी तारा सैल करून ठेवलेल्या.
गिटार, बास, सगळं पेटीइतकं खाली.
आल्ड्रिनच्या बासची तार
होडीच्या ओल्या दोरासारखी लटपटत होती.
जोएल कुरियन पेटीवर,
दोन्ही कोपर टेकवून, जणू घरचं जेवणाचं टेबल.
"एसी बंद करा ना अंकल, माइकमध्ये घरघर येते."
तो चालू करायला आलेला मी,
मीच बटण दाबलं.

साडेचार मिनिटं.
आधी घाम, मग तो पुसायचं सोडून दिल्याची शांतता.
वल्लरी गायली ते इंग्रजी, अर्धं कळलं:
आई नाइटवरून येते,
जिन्यातच बूट काढून हातात घेते,
लेक जागी आहे हे तिला माहीत नाही.
पंधरवड्यापूर्वी हाच आवाज
चवड्यांवर उभा राहून वरचं काही काढू बघायचा.
आज टाचा टेकल्या होत्या त्याच्या.
आणि पेटी खालून, सावकाश,
म्हातारं माणूस हुंकार देतं तशी.

संपलं तरी कुणी हललं नाही.
यूसुफच्या कोपरावरून थेंब झांजेवर पडला,
तोही आला असेल रेकॉर्डिंगमध्ये.

"बसवायचा का?" मी खोक्याकडे बघत विचारलं.
वल्लरीनं मान हलवली. "आता नको. आता आम्ही इथं आलो."

बिल केलं: एसी, गॅस भरला, आठ दिनार.
पेटीचं काही लिहिलं नाही.
दुकानदार कन्व्हर्टर परत घेईना.
माझ्या खाटेखाली पडलाय,
चपला ठेवतो त्यावर.