खुंट

लेहतोनेवा. यातल्या 'नेवा'चा अर्थ दलदल.
आता ती नावापुरतीच उरली आहे.
बाकीची एव्हर्टीने चार हिवाळे चर खणून
नदीला लावून दिली,
आणि शेवटच्या हिवाळ्यात, खालच्या निळ्या चिकणमातीपर्यंत
एक लोखंडी खुंट ठोकला.
डोकं जमिनीच्या अगदी बरोबरीला.

आज तो माझ्या कमरेला लागतो.
"खुंट वाढत नसतो, मार्केट्टा,"
एव्हर्टीचा मुलगा तायस्तो दर वसंतात सांगतो,
मला जणू ठाऊकच नाही.

जमीन किती खाली गेली ते खुंट सांगतो.
वर काय गेलं ते मी मोजते.
मातीत रुतवलेलं पोलादी कडं, त्यावर डबा, डब्याला रबरी बूच,
आणि चार सिरिंजा:
शून्य मिनिटं, दहा, वीस, तीस.
त्या अर्ध्या तासात बोलू नये असा काही नियम नाही.
तरी कोणी बोलत नाही.

एकदा मात्र त्याने विचारलं, यात सापडतं तरी काय?
म्हटलं, कार्बन डायऑक्साइड. कधी मिथेन.
आणि नायट्रस ऑक्साइड,
आपण ज्याला आनंदवायू म्हणतो तो, दाताच्या डॉक्टरकडचा.
तो बराच वेळ चराकडे बघत राहिला.
"या शेतात कोणी हसलेलं
मला तरी आठवत नाही."

धूर नाही, वास नाही.
ओट्सच्या खुंटांत क्रौंच पक्षी दाणे टिपत असतात
आणि पायाखालून हजारो वर्षांचं शेवाळ
श्वासासारखं निघून जात असतं.
त्यातही चलाखी अशी, की वर्षाचा निम्मा आनंदवायू
एप्रिलच्या तीन-चार रात्रींतच उरकतो:
वरचा बर्फ वितळलेला, खालची माती अजून दगड,
मधल्या बोटभर चिखलात जिवाणू जागे होतात
आणि उपास सोडल्यासारखे तुटून पडतात.
त्या रात्री तिथे कोणी नसेल
तर ते सबंध वर्ष कागदावर साधुसंत दिसतं.

सत्त्याण्णव साल असंच साधुसंत आहे.
त्या आठवड्यात मी इस्पितळात होते, आईच्या उशाशी.
एकतीस वर्षांच्या रेघेत तेवढाच एक खड्डा.
नवीन आलेली मुलं त्यावर बोट ठेवून विचारतात,
यंदा खत कमी टाकलं होतं का? पाऊस वेगळा होता?
मी सांगते, नाही.
मी नव्हते.

सहा वर्षांपूर्वी तायस्तोने
बापाच्या चराच्या तोंडाला फळ्या ठोकल्या.
विचारलं कोणालाच नाही.
पाणी चढलं. ओट्स गेले, लव्हाळं आलं, पाठोपाठ बेडूक.
शेजारचा युहानी म्हणाला, बापाचे चार हिवाळे बुडवलेस.
"बापाने पाणी काढलं तेव्हा घरात सात तोंडं होती,"
तायस्तो म्हणाला. "आता नांगराला
निळी माती लागायला लागलीय."

मग आकडे.
कार्बन उतरला. आनंदवायू जवळजवळ मुका झाला.
आणि मिथेन, जो इतकी वर्षं कुठे दिसतही नव्हता,
तो डबक्यांतून बुडबुड करत वर आला.
मी रात्रभर बेरीज-वजाबाकी करत बसले,
आगीतून फुफाट्यात तर नाही ना आलो?
नाही. पारडं अजून बऱ्या बाजूला आहे.
थोडंसं.

हेलसिंकीची संख्याशास्त्रज्ञ फोनवर म्हणाली,
सहा ठिपक्यांची रेघ होत नाही हो.
अजून पंधरा वर्षं तरी हवीत.
बरोबरच आहे तिचं.
मी ऑक्टोबरात निवृत्त होते.
तायस्तो अठ्ठ्याहत्तरचा.
माझ्या जागी स्वतःच उघडझाप करणारा डबा येतोय,
त्याला आई नाही, त्याचा एप्रिल चुकणार नाही.

काल शेवटची फेरी.
सिरिंजांवर चिठ्ठ्या लावून झाल्या,
मग गमबूट घालून दोघं खुंटापाशी गेलो.
त्याने टेप धरली, मी आकडा वाचला.
गेल्या वर्षी होता तोच.
वहीत लिहिला.
मग तायस्तो म्हणाला, टेप वाकडी होती बहुतेक,
आणि आम्ही पुन्हा मोजलं.
आणि पुन्हा.