काय लागलंय?

एक तारखेला मढवी आला तेव्हा
दारातच सांगणार होते,
दादा, या महिन्यापासून केबल बंद.
वाक्य आदल्या रात्रीच पाठ केलं होतं.
पण अण्णांनी आतून विचारलं, कोण, नवनाथ का?
आणि तो चपला काढून आत आला,
पाणी प्यायला, रिमोटचं झाकण उघडून
सेल अंगठ्यानं जरा फिरवले,
तीनशे साठ घेतले नि पावती फाडून गेला.

म्हणून हा हिशेब पुन्हा,
विजेच्या बिलामागे, ऐरोली, सेक्टर पाच,
रात्रीचे साडेअकरा.

केबल वर्षाला चार हजार तीनशे वीस.
वाहिन्या दोनशेच्या वर, बघतो चार,
त्यातली एक आवाज बंद करून.
ओटीटी तीन. एकीचा पासवर्ड
चिन्मयच्या मित्राकडे,
दुसरीचे पैसे कापले गेले की मला कळतं.
तिसरी कुणी घेतली, कुणीच कबूल होत नाही.
अँटेना म्हटल्यावर दुकानदार हसला,
तरी माळ्यावरून एक काढलीच त्यानं, धूळ फुंकून.
ताई, एकदाच पैसे, मग आकाश फुकट.
वाहिन्या मात्र मोजक्या,
आणि मध्ये एखादी इमारत येत नसेल तर.

येते. बावीस मजली आहे.
खाडी तिच्या मागे गेली त्याला सहा वर्षं झाली.

गच्चीवर जुनी अँटेना अजून उभी आहे.
दोन काड्या गळल्यात,
मोकलकाकू तिला कपड्यांची दोरी बांधतात.
अण्णा वर, मी जिन्यात, आई खिडकीशी,
आलं का? नाही. आता? मुंग्या. आता?
तीन मजल्यांवरून आम्ही एवढंच बोलायचो,
पण ओरडून बोलायचो.

मग एक दिवस दिव्यातला हा पोरगा
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं घेऊन कठड्यावरून चालत आला.
त्याचा बाप खाडीत जाळं टाकायचा.
यानं ते इमारतींवर टाकलं
आणि आम्ही सगळे त्यात सापडलो, आनंदानं.

परवा चिन्मयनं आजोबांना नवं सगळं दाखवलं.
काय लावू, आजोबा?
अण्णा म्हणाले, काय लागलंय?
लागलं काही नाहीये. तुम्ही सांगाल ते लागेल.
पडद्यावर चाळीस चौकोन,
प्रत्येकात एक माणूस रागानं बघत होता.
अण्णा गप्प.
आई गेल्यापासून शर्ट मी काढून ठेवते,
गोळ्या मी मोजते, भाजी मी ठरवते.
एक्क्याऐंशीव्या वर्षी कुणीतरी
एकदम चाळीस गोष्टी विचारल्या त्यांना.

त्यांना सिनेमा अर्धाच लागतो.
मधूनच शिरायचं, हा कोण, ती याची कोण,
हे आपणच जुळवायचं,
आणि नायक कोर्टात उभा राहीपर्यंत
डोळा लागायचा.
शेवट त्यांच्यावाचून होतो.
त्यांची त्याला कधी हरकत नव्हती.
नवं यंत्र मात्र थांबून राहतं.
त्या रात्री मध्येच पडदा काळा झाला, अक्षरं आली,
अजून बघताय का?
अण्णांनी चष्मा वर केला
आणि मोठ्यानं म्हणाले, हो, आहे.
कुणी काही दाबलं नाही.
यंत्रानं पुन्हा विचारलं नाही.

बिलामागे जागा संपली.
सगळ्यात महाग ओटीटी काढून टाकली मी.
चिन्मय दोन दिवस बोलणार नाही,
तिसऱ्या दिवशी मित्राकडून काहीतरी मिळवेल.
मढवीचे तीनशे साठ तसेच.
हिशेबात बसत नाहीत, ते वेगळं लिहिलं,
दूध आणि पेपरच्या खाली.

बाहेर हॉलमध्ये निळा उजेड.
कुणीतरी गुडघ्याचं तेल विकत होतं,
मग एक गाव, एक बैलगाडी,
पळत येणारी बाई, कुठला सिनेमा कोण जाणे.
खुर्ची ओढून बसले.
काय लागलंय, अण्णा?

माहीत नाही, म्हणाले ते. आत्ताच लागलंय.
आणि पाय जरा सरकवले, मला दिसावं म्हणून.