अर्थिंग

सातपूरला, बंद वर्कशॉपच्या मागे
गाडी लावलीय. दाराची कडी
हाताला मुंग्या आणते.

गांगुर्डे टेस्टर टेकवून हसतात:
"घर तुमचं टायरांवर.
रबराला जमीन कुठून ठाऊक?"

सहा अँपिअरची पिन काळी पडलेली,
केबल वेटोळं करून ठेवलेली, गरम.
"ही पसरा आधी. गुंडाळलेली वायर
आतल्या आत भाजते, ताई."
मी काहीच बोलले नाही.

बत्तीसचं निळं सॉकेट. नवा ब्रेकर.
खड्ड्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
वरून माझ्याच पिण्याच्या पाण्याची
एक बादली.

संध्याकाळी एसी गुरगुरला,
फ्रिज विझला नाही.
कडी धरून पाहिली:
नुसतं लोखंड.

उद्या घोटीकडे निघायचं होतं.
खड्ड्यावरची माती
अजून ओली आहे.