मागाचा दोष

नार्वाहून मेल येते, रशियनमध्ये, मोठ्या अक्षरांत.
विषयाच्या जागी फक्त ताऱ्याचा नंबर. खाली:
"पोरा, दिवस एक हजार बारावा. इथे सूत दबलंय. बघ."

तैसिया येगोरोव्हना, वय अठ्ठ्याहत्तर.
एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासनीस.
उजेडाच्या टेबलावरून ठाण सरकायचं
आणि तिचं बोट थांबायचं:
तुटका ताणा, गाठ, धोट्याने गाळलेली एक ओळ.
गिरणी बंद झाली. बोट राहिलं.
आता नातवाने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर
ती तारे सरकवते.

दुर्बीण केव्हाच मेली आहे.
इंधन संपलं, शेवटचा हुकूम गेला,
आता ती पृथ्वीच्या मागे मागे सूर्याभोवती फिरते, डोळे मिटून.
पण त्याआधी चार वर्षं तिने हंसाच्या पंखाजवळचा
आकाशाचा एकच तुकडा पाहिला, पापणी न लववता,
दर अर्ध्या तासाला प्रत्येक ताऱ्याचा एक ठिपका.
दीड लाख ठाणं.
माणसाच्या डोळ्याने कित्येकांची अजून घडी मोडलेली नाही.

आमचा प्रोग्राम तीन खळगे मागतो.
ग्रह आडवा आला, तारा किंचित मंदावला.
पुन्हा आला. तेवढ्याच दिवसांनी तिसऱ्यांदा आला,
तेव्हा कुठे तो नोंद करतो.
एकदाच येणाऱ्याला दारातूनच वाटेला लावतो.
मीही तेच केलं. लिहिलं,
"उपकरणाची खोड असणार, तैसिया येगोरोव्हना."

उत्तर त्याच रात्री:
"दोष एकदाच आला तर सुताचा,
ठरावीक अंतराने आला तर मागाचा.
हे मला शिकवू नकोस.
आम्हाला मागाचा दोष नको असायचा, तुला तोच हवाय.
मग एका ओळीवरून मागाचा अंदाज काढ की!
आमचा फोरमन काढायचा, तोही पिऊन."

मी काढला, न पिता.
खळगा चौतीस तास रुंद, तळ सपाट, कडा स्वच्छ.
शेजारच्या ताऱ्यांत त्या दिवशी काहीच नाही.
गुरूएवढा असावा, सावकाश चालणारा,
अठरा वर्षांनी एक फेरी.
किंवा चौदा. किंवा पंचवीस.
किंवा तो नाहीच.

मार्चमध्ये तार्तूहून बस धरून तिच्याकडे गेलो.
चौथा मजला, शेपू घातलेलं सूप.
खिडकीखाली नदी, अजून अर्धी गोठलेली.
नदीपलीकडे दुसरा किल्ला, दुसरा देश,
आणि त्या देशात तिची बहीण अग्निया.
पुलावर रांग, कागद, दोघींचे गुडघे.
तीन वर्षांत भेट नाही.

"नऊला बघ," ती म्हणाली.
पलीकडच्या इमारतीत डावीकडून तिसरी, पिवळी खिडकी.
नऊ वाजले. कुणीतरी दिव्याच्या आड आलं.
उजेड दबला. परत आला.
"चेहरा दिसतो का हो?" मी विचारलं, मूर्खासारखं.
"चेहरा कशाला? जाडी झालीय.
पूर्वी इतका वेळ लागायचा नाही."
मग उठून तिने आपला दिवा ताटलीने झाकला,
ओठांतल्या ओठांत वीस मोजले,
आणि त्याच ताटलीत मला पाव वाढला.

पुढचा खळगा कधी, ते मी तिच्या कॅलेंडरच्या
शेवटच्या पानामागे लिहिलं, पेन्सिलीने,
कारण त्या सालाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही.
चष्मा लावून तिने वाचलं. पेनाने गिरवलं.
"तोवर मी नसले तर नसले.
तुम्ही ठाण परत पाठवू नका म्हणजे झालं."

निघताना तिने दारातच माझी बाही धरली.
कोपराजवळ बोट थांबलं.
"इथे एक ओळ गाळलीय. शर्ट नवा?"
"नवाच."
"मग सूत असेल," ती म्हणाली,
आणि हात उलटासुलटा करून, कॉलर वळवून,
जिन्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली
दुसरी ओळ शोधत राहिली,
माझी शेवटची बस चुकेपर्यंत.