पंधरा किलो

पहाटे पाचला लॉजचा पोऱ्या दार वाजवतो.
"उठलासा काय मॅडम? गाडी आठला हाय."
मी रात्रीपासून जागीच.
बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली.
नऊ दिवस या शहराचे काटे तपासले,
आणि स्वतःची बॅग हातानं तोलून म्हणतेय,
असेल, असेल पंधरा किलो.

वेळ आहे म्हणून चालत निघते.
गंगावेशीत म्हैस रस्त्यातच उभी,
रिक्षा तिला वळसा घालून जातात,
हॉर्न न वाजवता.
बाळगोंडा नावाचा म्हातारा माझ्यासमोरच धार काढतो.
पेला भरतो, मी सवयीनं डोळ्यांनी मोजते:
दोनशे मिली. पण फेस धरायचा का?
"फेस फुकट हाय बाई. प्या."
आमच्या फॉर्मात फुकटासाठी रकाना नाही.
ओठांवरचा फेस पुसायचा राहून जातो
रंकाळ्यापर्यंत.

तिथं धुकं.
पाणी कुठं सुरू होतं ते
एका बगळ्यामुळे कळतं.
कट्ट्यावर मफलर गुंडाळलेले दोघं,
कालच्या मॅचमधला ऑफसाइड
अजून त्यांच्यात चाललाय.
"तू डोळ्यानं बघिटलास?"
"मग काय कानानं?"
मी मध्ये बसते. मला कुणी विचारत नाही,
मी कुठल्या पेठेची.

शाहूपुरीतला तो गुळाचा व्यापारी आठवतो.
त्याचा काटा दर ढेपेला
सव्वाशे ग्रॅम जास्त देत होता, गिऱ्हाइकाला.
मी सांगितलं, तुमचं नुकसान होतंय,
किती वर्षं, कुणास ठाऊक.
त्यानं ढेपेचा कोपरा फोडून हातावर ठेवला.
"असू दे. वडलांच्या हातचा काटा हाय."
मी नियमानं लाल स्टिकर लावलं.
गूळही खाल्ला.

उजळाईवाडीच्या विमानतळावर
रांग अशी नाहीच,
चार सुटकेसा आणि एक रडणारं पोर.
बॅग काट्यावर चढते: सोळा किलो दोनशे.
काउंटरवरच्या मुलीच्या आधी मला कळतं,
हा दोनशेनं पुढं पळतोय.
आकडा स्थिरावताना किंचित अडखळतो, ते आम्हाला दिसतं.
बोलत नाही.
माझा करार काल संध्याकाळी संपला.

चटणी काढावी लागते.
कांदा-लसणाची, भरणी धरून किलोभर,
उद्यमनगरच्या फौंड्रीतल्या शेवंताक्कानं दिलेली.
देताना म्हणाली होती, "मी देतो ते घ्यायचं."
इथल्या बायका मी येतो, मी जातो म्हणतात,
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं,
अमरावतीत असं कुणी बोललं तर
आई दोनदा वळून बघेल.

आता पंधरा दोनशे.
म्हणजे बरोब्बर पंधरा. मला ठाऊक आहे.
मुलगी आकड्याकडे बघते, माझ्याकडे बघते.
"असू द्या," म्हणते.

भरणी घेऊन मी उभी.
आत नेता येत नाही, टाकवत नाही.
फरशी पुसणारी बाई पोछा थांबवते,
झाकण उघडून वास घेते,
डोळे मिटते.
"मी ठेवतो. परत आलासा की न्या."
"खराब होईल हो."
"मग संपवतो. दुसरी करून ठेवतो."
नाव विचारलं. भागुबाई.
ते कुठे लिहायचं सुचलं नाही,
बोर्डिंग पासच्या मागे लिहिलं.

निघताना जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं.
एवढं घरच्यांनी शिकवलेलं.
तोंडातून निघालं ते
"येतो."
भागुबाईला काही वावगं वाटलं नाही.
ती फरशीकडे वळली.

विमान वर चढलं तेव्हा धुकं फाटत होतं,
उसाच्या फडांमध्ये एका गुऱ्हाळाचा धूर
सरळ वर येत होता, कुणाच्या तरी कामाचा.
हवाईसुंदरीनं पाणी दिलं.
पेल्यावर माझ्या अंगठ्याचा
लाल, तेलकट ठसा उमटला.
मी तो पुसला नाही.
हैदराबादला उतरेपर्यंत
नाकाशी अंगठा नेत राहिले,
शेजारचा माणूस बघत होता तरी.