शाळा सोडल्याचे कारण

दाखल्यावर एक रकाना असतो :
शाळा सोडल्याचे कारण.
मायाप्पा बिरा लवटे, इयत्ता सहावी, वय अकरा,
त्याच्यापुढे मी निळ्या शाईत लिहिलं
'पालकांचे स्थलांतर'.
पालक तर इथंच होते.
बाप माळावर मेंढरांमागं,
आई शाळेच्या दारात, पदरात चार अंडी बांधून,
बाईंनी दाखला लगेच दिला म्हणून.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या माळावर
कुसळं उगवतात
आणि मधूनच एखादा तीन मजली बंगला.
वर नाव कोरलेलं : सेलम निवास.
गलाईवाल्यांचा मुलूख हा.
लांब कुठंतरी जुनं सोनं आटवायचं
आणि गावाकडं स्लॅब ओतायचा.
आपलाही पोरगा भट्टीपुढं बसला की
आपल्याही चौकटीवर एखादं शहर चढेल,
असं प्रत्येकीला वाटतं.
मलाही वाटलं असणार. नाहीतर
एवढ्या सुवाच्य अक्षरात खोटं उतरत नाही.

दीड वर्षानं दसऱ्याला तो आला.
उंची तेवढीच. आवाज बसलेला,
दर वाक्याच्या मध्येच खोकला.
आई पारावर सांगत होती,
"माज्या मायाप्पाचं सोनं झालं गं."
आणि खरंच, त्याची बोटं पिवळी होती
नखांपासून मधल्या पेरापर्यंत,
हळदीच्या नवऱ्यासारखी.
मी ओल्या रुमालानं पुसायला गेले.
"जात न्हाय बाई. अ‍ॅसिडचं हाय.
कातडं गळतं, नवं येतं,
मग त्येबी पिवळं."

पाटीपूजन करून पोरं पांगली, तो मागं राहिला.
आपट्याचं पान पुढं केलं.
घ्यायला मी हात उचलला,
आणि त्यानं दोन्ही कोपर कानांवर घेतले.

पान पडलं फरशीवर.

मग पायरीवर बसून बोलला, माझ्याकडं न बघता.
तांबड्या धुराची खोली,
खिडकी बंद, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून.
पहाटे सराफ बाजारातली गटारं,
गाळ बादलीत, गाळात सोन्याचा कण.
एकदा कण कमी भरला.
किती?
"फुकला आस्ता तर उडाला आस्ता, एवडा."
त्यापायी तापलेला चिमटा.
शर्ट वर करू लागला, मी म्हटलं, नको.
मग म्हटलं, दाखव.

मामानं शिकवून ठेवलेलं :
दुकानात कुणी विचारलं तर अठरा सांगायचं,
एसटीत अकरा.

फोन नाही का करायचास कुणाला?
असं मी विचारलं. मी. शिकलेली बाई.
"फोन शेटच्या खिशात. आन् नंबर कुटला?"

शाळेच्या भिंतीवर, मुतारीच्या अंगाला
पंचायतीनं रंगवलेला आकडा आहे, १०९८.
त्यावर मी गणिताचा तास घेतला होता.
त्याला अजून पाठ होतं :
"नऊची स्थानिक किंमत नव्वद.
रातच्याला झोप न्हाय आली की म्हनायचो.
एक हजार, शून्य शतक, नऊ दशक, आठ एकक.
पर त्यो नंबर कशाचा,
त्ये तुमी सांगितलंच न्हवतं, बाई."

मंगळवारी मामा न्यायला येणार आहे.
आईनं चटणी कुटायला घेतली आहे, बरोबर द्यायला.
ती वाईट नाही. तिला फक्त बोटांचा रंग दिसतो,
आणि बंगल्याचा.

मी पान उचललं.
'सोन्यासारखा राहा' म्हणतात ना,
ते माझ्या तोंडून फुटेना.
कपाटातून दाखल्यांचं बुक काढलं
आणि भिंतीवरचा आकडा लावला,
ओळीनं, एकेक अंक, किंमत न सांगता.

मुलाचं नाव? पलीकडून विचारलं. सांगितलं.
वय? खरं सांगितलं.
शाळा कधी सोडली? का?
मी स्थळप्रतीवर बोट ठेवलं.
मायाप्पा वाकून बघत होता, स्वतःचं नाव वाचत,
ओठ हलवत, हळूहळू,
वाचायची सवय मोडलेल्या पोरासारखं.

लिहून घ्या, मी म्हटलं,
इथं जे कारण आहे ते खोटं आहे.
अक्षर माझं आहे.