लव

कन्ना चौकाच्या अलीकडं, मागांचा आवाज
जिथं भिंतीतून झिरपतो, तिथं माझं चाक.
एप्रिल. दुपारी तीनला दगडसुद्धा पाणी मागतो.

तो अक्कलकोटच्या एस्टीनं आला.
नाव दुर्गप्पा. वय त्यालाच नक्की नाही.
तंबाखूच्या डबीतून तीन पाती काढून
फडक्यावर ठेवली, स्वतःचे पडलेले दात दाखवावेत तशी.
बाणाची. घडीव, मधे शीर उभी,
मुळाशी काडी बसवायची नळी.

"धार लावून दे की."
"शिकार बंद हाय, आज्जा."
"मला सांगलालास व्हय? फॉरेस्टवाल्यांनी धनुष्य नेलं
त्याच साली माझं लगीन झालं.
दोन्हीचे कागद हायेत घरात."

चाकाला पाय लावला तर म्हणाला, चाक नको.
ठिणगी उडाली की पात्याचं पाणी जातं.
खरं होतं. बाप होता तोवर
मलाही हे ठाऊक होतं.

मग कानस. मग तेलाचा दगड.
कोन डोळ्यांत नसतो, मनगटात असतो;
आवळलं की जातो, सैल सोडलं की जातो.
एका अंगाला इतकं घासायचं
की दुसऱ्या अंगाला नखाला लव लागावी,
केसाहून बारीक, लोखंडाचीच.
मग उलटायचं. लव इकडं येते.
पुन्हा उलटायचं, हात हलका करत.
तिला तोडायचं नसतं. थकवायचं असतं.

बंद गिरणीच्या भंगारातला एक चामडी पट्टा आहे माझ्याकडं,
धोट्याला धक्का देऊन देऊन मऊ पडलेला.
शेवटचा हात त्यावर.

दोन पाती झाली.
तिसरं उचललं तर त्यानं माझा हात धरला.
"हे सावकाश."

मग बोलला, तुटक तुटक, चौकाकडं बघत.
हरणी होती. बोरीच्या काठी.
घाईनं निघालो, पातं मागच्या सालचंच.
बाण बसला बरोबर, बरगडीच्या मागं.
धारेचा असता तर पन्नास पावलांत खाली बसती,
तिला कळतंसुद्धा ना.
दोन दिवस रक्तामागं चाललो, तुरीतनं, ओढ्यातनं.
तिसऱ्या दिवशी बाण घावला, बाभळीत अडकलेला.
ती नाही.

किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
त्या एका पात्याला तास लागला.

चादरीच्या कारखान्यातला सुताचा एक धागा
त्याच्या दोन चिमटींत धरायला लावला. सैल.
ताणला की कशानंही तुटतो.
पातं नुसतं टेकवलं.
धाग्याचे दोन झाले, त्याच्या बोटांना पत्ता नाही.

दोन्ही टोकं तो बराच वेळ बघत राहिला.
"हां," म्हणाला. "एवढंच पाहिजे होतं तिला."

साठ सांगितले. त्यानं घासाघीस करून चाळीस दिले,
पात्यांना माझंच खोबरेल चोपडलं,
फडकं, डबी, कोपरीचा खिसा. पाचची एस्टी.

पुढ्यात म्याकल मास्तरची कात्री होती,
युनिफॉर्मचं कापड कापायची, सहाला द्यायची,
चाकावर दोन मिनिटांचं काम.

दगडावर तेलाचा थेंब सोडला.
एक अंग घासलं, उलट्या अंगाला नख लावलं.
लव अजून आली नव्हती.